पुलावरची कोंबडी: साठीतल्या एका शिकणारीचं फ्रेंच आणि स्मरणतंत्रांचा हिशेब

मी पुण्यात घरी फ्रेंच शिकवते. हे प्रकरण माझ्याकडे चौदा आठवडे शिकलेल्या एका बाईंचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मी इथे काकी म्हणेन. ‘काकू’ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. मालवणकडच्या माणसाला काकीच बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. फ्रेंच शब्द देवनागरीत जसे ऐकू येतात तसे, जवळपास, लिहिले आहेत. ‘ल’ म्हणजे पुल्लिंगी शब्दाआधीचं उपपद आणि ‘ला’ म्हणजे स्त्रीलिंगी.

पार्श्वभूमी

काकी एकसष्ट वर्षांच्या. जन्म आणि शाळा सिंधुदुर्गात, नोकरी पोस्टात, निवृत्ती पुण्यात. मुलगी फ्रान्समध्ये लियोंला असते, नातू चार वर्षांचा. तो घरात मराठी ऐकतो, पण बोलतो फ्रेंच. व्हिडिओ कॉलवर तो काहीतरी भराभर सांगायचा, काकी ‘हो का, हो का’ म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर मुलीला विचारायच्या, तो काय म्हणत होता. शेंगेन व्हिसावर जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं, तेवढ्यात त्यांना नातवाशी बोलायचं होतं आणि बाजारात एकटीने जाऊन यायचं होतं. परीक्षा द्यायची नव्हती, प्रमाणपत्रही नको होतं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी महिनाभर स्वतःच खटपट केली होती. पाठ्यपुस्तकातले शब्द वहीत दहा-दहा वेळा लिहून काढायचे. पाढे असेच पाठ झाले होते, पावकी-निमकीसुद्धा, मग हे का नाही होणार?

अडचण

पहिल्या सोमवारी आम्ही चाळीस शब्द घेतले. शुक्रवारी त्यातले अकरा उरले होते. काकींनी वही मिटली आणि म्हणाल्या, “मेंदू गंजलाय गं.”

मला ते पटलं नाही, कारण त्याच तासाला त्यांनी सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांचे पिनकोड धडाधड सांगितले होते, तेही निवृत्तीनंतर तीन वर्षांनी. पिनकोड म्हणजे नुसते सहा आकडे. ते का राहिले? त्यांना प्रत्येक आकड्यामागे एक जागा दिसत होती: हा खण डावीकडचा, ही पिशवी दुपारच्या गाडीची. फ्रेंच शब्दांना मात्र कुठेच जागा नव्हती. ते वहीच्या पानावर एकाखाली एक उभे होते आणि सगळे सारखेच परके होते.

अर्थहीन अक्षरं किती झपाट्याने विसरली जातात हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. वय हे कारण असेलही, पण पहिलं कारण नव्हे, असं मी धरून चालले.

अडचणीचा दुसरा पदर लिंगाचा होता. मराठी माणसाला लिंग ही कल्पना शिकवावी लागत नाही, आपल्याकडे तर तीन आहेत. पण म्हणूनच आपल्या शब्दांचं लिंग डोक्यात घट्ट बसलेलं असतं. चमचा तो, काटा तो, सुरी ती. फ्रेंचमध्ये नेमकं उलटं: ला क्वीयेर, ला फुर्शेत, ल कुतो. एका ताटाभोवतीच्या तीन वस्तू, आणि तिन्ही फिरलेल्या.

समोर असलेले पर्याय

घोकंपट्टी चालू ठेवणं हा एक पर्याय होताच. काकींचा कल तिकडेच होता, कारण त्यात कष्ट दिसतात. दुसरा, फोनवरचं ॲप. ते त्यांनी आठवडाभर वापरून पाहिलं होतं. पण ते इंग्रजीतून शिकवायचं, म्हणजे फ्रेंच शब्द, मग इंग्रजी, मग मराठी, असा वळसा. शिवाय चष्मा काढ-घाल.

तिसरा पर्याय स्मरणतंत्रांचा. परक्या शब्दाच्या आवाजाशी जुळणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोघांना एका चित्रात अडकवायचं. अॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी १९७५ साली यावर प्रयोग केला होता. १२० रशियन शब्द तीन दिवसांत शिकवले, तेव्हा ही युक्ती वापरणाऱ्यांना ७२ टक्के आठवले, बाकीच्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी हेच आकडे ४३ आणि २८ झाले. हा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत. मीही तेव्हा काकींना पहिलाच सांगितला.

चौथा पर्याय त्यांच्या मुलीने सुचवला: याद्या सोडा, रोज दहा मिनिटं नातवाशी बोला, जे लागेल ते शिका. मी तो बाजूला ठेवला. पाया हवा, असं माझं मत होतं. शिकवणाऱ्यांना पाया फार प्रिय असतो.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला, आणि लगेच पहिला प्रश्न आला की आकडा, म्हणजे परका शब्द ज्याला अडकवायचा तो सारख्या आवाजाचा शब्द, कुठल्या भाषेतला लावायचा. मी ठरवलं, इंग्रजी नको. इंग्रजीतून गेलं की उच्चार तिकडे ओढला जातो. मराठी घ्यायची, आणि जमलं तर मालवणी.

हा निर्णय फळला. गार म्हणजे स्टेशन, ला गार. काकींना पहाटेचं कणकवली स्टेशन दिसलं, फलाटावर गारांचा खच. गार ती, ला गार पण ती. पोर्त म्हणजे दार, दारात एक पोरटी आडवी उभी, आत जाऊ देत नाही. ती पोरटी, ला पोर्त. शेझ म्हणजे खुर्ची. आपल्या शेजारतीतली शेज ती, ला शेझ पण ती. कुतो म्हणजे सुरी. इथे पुणेरी मराठी कमी पडली, पण काकी स्वतःच म्हणाल्या, “कुत्रो!” तोंडात सुरी धरून पळणारा कुत्रो. पुल्लिंगी, हवा तसाच. कोबीला शू म्हणतात हे सांगितल्यावर तर काकी दोन मिनिटं हसत होत्या. तो शब्द त्यांना कधीच पुन्हा विचारावा लागला नाही. जरा आचरट चित्र सभ्य चित्रापेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे तासाला संकोच सोडावा लागतो.

आणि कोंबडी. कोंबडी म्हणजे ला पूल. लकडी पुलावरून एक कोंबडी ऐटीत चालली आहे आणि मागे विसर्जनाची मिरवणूक खोळंबली आहे. इतकं ठसठशीत चित्र आमच्या सबंध यादीत दुसरं नव्हतं. या कोंबडीकडे परत यायचं आहे.

काही शब्दांना आकडा लागतच नव्हता, ते नात्यातलेच निघाले. लॅटिन आणि संस्कृत एकाच मुळातून फुटलेल्या, त्यामुळे सात म्हणजे सेत, नऊ म्हणजे नफ, नाव म्हणजे नों, दात म्हणजे दाँ. गुडघ्याला झ्नू म्हणतात. मी ‘आजानुबाहू’ शब्द आठवायला सांगितला, त्यातला जानु म्हणजे गुडघाच, आणि काम झालं. पावाचंही तसंच: आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज शब्द व फ्रेंच ल पँ हे दोघं एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. फक्त दाताने दगा दिला. आपला दात तो, फ्रेंचांची दाँ ती. नातं जितकं जवळचं, तितकी लिंगाची चूक पक्की.

संख्यांत तर मला काही करावंच लागलं नाही. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार-वीस’ म्हणतात, कात्र-व्हँ. सत्तर म्हणजे साठ-दहा, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. पुण्यातली कॉलेजची मुलं इथे कपाळाला हात लावतात. काकी म्हणाल्या, “आमची आजी नारळ असेच मोजायची. चार विसा.” पुढचा तास मोकळा मिळाला.

लिंगाचं उत्तर मात्र वेगळं शोधावं लागलं, कारण प्रत्येक शब्दाला जुळत्या लिंगाचा आकडा सापडत नाही. चिठ्ठ्या निळ्या-लाल रंगवून पाहिल्या, पण रंग आठवत नव्हते. मग मी त्यांना त्यांच्या माहेरच्या घराचा नकाशा काढायला सांगितला. पुढे खळं म्हणजे अंगण, पडवी, ओटी. मागे माजघर, चुलीकडची खोली, न्हाणी, मागीलदार आणि बाव, म्हणजे विहीर. ठरवलं की पुल्लिंगी शब्द पुढच्या दारी राहतील, स्त्रीलिंगी मागच्या दारी. सुरी धरलेला कुत्रो खळ्यात. चमचा आणि काटा चुलीपाशी. दात, हात, डोकं सगळे न्हाणीत, कारण ला दाँ, ला मँ, ला तेत. नाक आणि पाय पडवीत, ल ने, ल प्ये.

काकींनी नकाशाकडे पाहिलं. “फ्रेंचातय बायलमाणसांनी मागीलदारीच रवाचा काय गो?”

मला उत्तर सुचलं नाही. उलटं करूया म्हटलं, बायका ओटीवर. त्यांनी दोन दिवस करून पाहिलं आणि सोडून दिलं. घर जसं आठवत होतं तसंच वागत होतं, सुधारायला तयार नव्हतं. शेवटी पहिलाच नकाशा राहिला, आणि खरं सांगायचं तर तो रंगांपेक्षा कितीतरी चांगला चालला.

उजळणीसाठी लाइटनर पेटी केली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली साधी रीत: आठवलेला शब्द पुढच्या खणात, चुकलेला पुन्हा पहिल्यात, पहिला खण रोज, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. काकींनी घरातला जुना मिसळणाचा डबा काढला, त्यातल्या पाच वाट्या घेतल्या आणि चिठ्ठ्या घड्या करून टाकल्या. “हे तर आमचं सॉर्टिंग,” म्हणाल्या. पिनकोडही १९७२ सालीच सुरू झाले, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं, तारखेसकट.

एक गोष्ट फुकट मिळाली. फ्रेंचचे नाकातले स्वर पुण्यातल्या मुलांना महिनोन्महिने जमत नाहीत. प्रमाण मराठीने लेखनातले अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले, बोलण्यातून ते नाक त्याआधीच गेलेलं होतं. मालवणीत ते आहे. ‘खंय’ म्हणणाऱ्या बाईला व्हँ आणि व्हाँ वेगळे काढायला दोन मिनिटं लागली. पुण्यात आल्यावर ज्या बोलण्यावरून लोकांनी त्यांना चिडवलं होतं, तेच इथे कामी आलं.

नवव्या आठवड्यातला पेच

नवव्या आठवड्यापर्यंत साधारण दोनशे शब्द घरात राहायला आले होते आणि घर भरलं होतं. खळ्यात कुत्रो, कोबी, तीन प्रकारची फळं, एक बस, एक डॉक्टर. कोण कुठे हे गोंधळायला लागलं.

त्याहून वाईट मला एका व्हिडिओ कॉलला दिसलं. नातवाने काहीतरी विचारलं. काकींनी वर पाहिलं, नजर आढ्याकडे, ओठ हलतायत. त्या माहेरच्या घरात शिरल्या होत्या, खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर. शब्द सापडला तोपर्यंत पाच सेकंद गेले होते आणि नातू उठून खेळायला गेला होता.

इथे दोन रस्ते होते. नव्या जागा जोडायच्या, म्हणजे शाळा, देऊळ, बाजारपेठ, आणि यादी चारशेवर न्यायची. किंवा थांबायचं. काकींना पुढे जायचं होतं, आकडा वाढताना दिसत होता ना! मी थांबायचं म्हटलं. पाच आठवडे उरले होते, त्यात एकही नवं चित्र नाही. चिठ्ठ्यांवर सुटा शब्द खोडून छोटा तुकडा लिहिला: ‘सुरी’च्या जागी ‘सुरीने’, आव्हेक ल कुतो. चिठ्ठी उघडली की दोन सेकंदांत तोंडातून यायला हवं, नाहीतर पहिली वाटी. पहिला आठवडा फार वाईट गेला, जवळजवळ सगळा डबा पहिल्या वाटीत परत आला. काकी माझ्यावर रागावल्या, आणि एक तास चुकवला.

बाराव्या आठवड्यात मोजलं. घेतलेले शब्द २१४. फ्रेंच ऐकून अर्थ सांगता आला १८८ चा. मराठी ऐकून फ्रेंच शब्द दोन सेकंदांत आला १२१ वेळा. लिंगासकट बरोबर, ९७. १८८ आणि १२१ यांतला फरकच मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा वाटतो. आवाजाचा आकडा परका शब्द ऐकला की अर्थापर्यंत पटकन नेतो; उलट्या दिशेने, अर्थाकडून शब्दाकडे, तो तितका चालत नाही. बोलायला मात्र हीच उलटी दिशा लागते.

परिणाम

काकी लियोंला अकरा आठवडे राहिल्या. दर रविवारी मला फोन असायचा, त्यामुळे हिशेब ठेवता आला.

क्रुआ-रूसच्या टेकडीवर बुलव्हारच्या कडेने सकाळचा मोठा बाजार भरतो. तिथे त्या दुसऱ्याच आठवड्यात एकट्या गेल्या. किमती कळल्या. चार युरो ऐंशी म्हणजे ‘कात्र युरो कात्र-व्हँ’, हे भराभर बोललं तरी चार विसा पकडल्या. कोबी मागताना हसू आवरलं नाही, पण मिळाला. एकदा थेट वस्तूचं नाव घेतलं तर विक्रेत्याने आधी शांतपणे ‘बाँझूर’ म्हटलं आणि वाट पाहिली. तिथे नमस्काराशिवाय मागणं सुरू होत नाही. हा शब्द आमच्या यादीत पहिल्या दिवसापासून होता. तो कधी म्हणायचा, हे यादीत नव्हतं.

मग ती कोंबडी. तिसऱ्या रविवारी त्यांनी जावयासाठी वाटपातलं चिकन करायचं ठरवलं. बाजारात जाऊन आत्मविश्वासाने ‘पूल’ मागितली. विक्रेत्याने काहीतरी विचारलं, त्या ‘वी, वी’ म्हणाल्या. घरी आणली, फोडणीला घातली, तास झाला, शिजेना. दीड तासाने मुलीने पिशवीवरची चिठ्ठी वाचली. पूल म्हणजे अंडी देऊन थकलेली म्हातारी कोंबडी, रस्सा करायला दोन-तीन तास उकळत ठेवायची. आपण जिला चिकन म्हणतो तो ल पूले, वेगळा शब्द, आणि पुल्लिंगी. त्या भागात तर हा फरक फार मानाचा. जवळच्या ब्रेसच्या कोंबड्यांना १९५७ पासून कायद्याने नाव राखलेलं आहे.

काकींची आठवण चुकली नव्हती. मी दिलेला शब्द त्यांनी अचूक आठवला होता. पाठ्यपुस्तकात प्राण्यांचं पान होतं, त्या पानावरून मी तो उचलला, मराठी पूल हाताशी होता म्हणून खूश झाले, आणि शेतातली कोंबडी ज्या बाईला कधी लागणार नव्हती तिच्या डोक्यात ती लकडी पुलावर कायमची उभी केली. पूले यादीत होता, खाण्याच्या पानावर, साध्या चित्रासह. हाक मारली तेव्हा ठसठशीत कोंबडीच आधी धावत आली.

नातवाशी बोलणं झालं, पण वेगळ्या वाटेने. सुरुवातीला त्याचं काकींना काही कळेना. शब्द माहीत होते, पण ते सुटे. तो ‘लेझाँफाँ’ म्हणायचा, म्हणजे ‘मुलं’. काकी घरभर ‘झाँफाँ’ शोधायच्या आणि ते कुठेच नसायचं, कारण शब्द ‘आँफाँ’ आहे, झ आधीच्या शब्दाकडून आलेला. ‘एक झाड’ त्यांना ‘नार्ब्र’ ऐकू यायचं. जोडून बोलल्यावर शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं हे मी एका तासाला सांगितलं होतं, सराव करून घेतला नव्हता. ते नातवाने करून घेतलं, आणि ‘ल दाँ’ म्हटलं की दर वेळी थांबवून ‘ला’ म्हणायला लावलं.

परत आल्यावर दीड महिन्याने पुन्हा मोजलं. लियोंत वापरलेले शब्द, आकडा असो वा नसो, जवळजवळ सगळे जागेवर. न वापरलेले बहुतेक गेलेले, कितीही सुंदर चित्र असलं तरी. अपवाद अर्थातच शू आणि पूल. गंमत म्हणजे रोजच्या शब्दांसाठी काकींना आता घरात शिरावं लागत नाही. कुत्रो आठवत नाही, कुतो आठवतो.

पुन्हा करायचं झालं तर

यादी मी पाठ्यपुस्तकातून घेणार नाही. मुलीने सुचवलेला चौथा पर्याय, रोज नातवाशी दहा मिनिटं, मी पाया म्हणून नाही तर यादीचा उगम म्हणून वापरायला हवा होता. त्या दहा मिनिटांत जे अडलं तेच चिठ्ठीवर. बाजाराची यादी मुलीच्या आठवड्याच्या सामानावरून करता आली असती, त्यात पूले पहिल्या पाचांत असता.

इंग्रजी नको हा नियमही मी फार ताणला. ताब्ल, बनान, तोमात या शब्दांना काकींना इंग्रजीच्या ओळखीने आकड्याची गरजच नव्हती, तरी आम्ही हट्टाने मराठी चित्रं शोधली. त्यात दोन आठवडे गेले. उच्चार ओढला जाण्याची भीती खरी होती, पण त्यावर उपाय ऐकणं आणि म्हणणं हा होता, चित्र नव्हे.

सारख्या आवाजाच्या दोन शब्दांपैकी एकालाच जोरदार चित्र देणं मी आता टाळते. दोघांना द्यायचं, किंवा गरजेच्या शब्दाला द्यायचं. आणि दोन सेकंदांची अट नवव्या नव्हे, तिसऱ्या आठवड्यापासून लावते, म्हणजे डबा एकदम रिकामा होण्याचा धक्का बसत नाही. काकींचा तो चुकवलेला तास माझ्या हिशेबात आहे.

घराची युक्ती मात्र ठेवली आहे. अडचण एवढीच की ती प्रत्येकाला लागू होत नाही. सध्याचा एक विद्यार्थी परळच्या चाळीत वाढलेला आहे, दहा बाय बाराची एक खोली. पुढचं दार, मागचं दार, काही नाही. आईवडील, तीन भावंडं आणि शिलाई मशीन सगळे एकाच जागी. नकाशा काढायला सांगितला तर तो म्हणाला, “मॅडम, चौकोन काढू फक्त?” मग आम्ही विरार लोकल धरली. चर्चगेट ते अंधेरी पुल्लिंगी, पुढे विरारपर्यंत स्त्रीलिंगी. कुतो दादरच्या फुलबाजारात आहे. क्वीयेर बोरिवलीला उतरते. त्यापुढे अजून गेलेलो नाही, कारण बोरिवलीनंतरची स्टेशनं त्याला क्रमाने येत नाहीत.